नेसवणारीची खुर्ची

"बारा खुर्च्या मांडल्यात, मालू. बारावी तिचीच."

"अकराच मांडायच्या."

"अगं, सकाळपासून चौदा जणींना नेसवलंय तिनं. तुलासुद्धा."

"मग? नेसवणाऱ्या बाईला खुर्ची कशाला? आज खुर्ची द्याल, उद्या ओटी भरायला पुढं बसवाल. त्यांच्या घरच्या बायकांना आपल्या पंगतीला बसवायचं का, ते आधी ठरवा."

"हळू. ऐकेल ती."

"ऐकू दे की. उभी राहील. सवय असते त्यांना."

हे भांडण एकाहत्तर सालच्या एक मेचं. लखनौच्या मराठी मंडळानं त्या दिवशी कैसरबागेच्या बाजूचं एक नाट्यगृह भाड्यानं घेतलं होतं, आणि मंडळासाठी राबलेल्या बायकांना मंचावर बसवून खणनारळ द्यायचं ठरलं होतं. भांडत होते ते मंडळाचे सेक्रेटरी मधुसूदन, बँकेतले साहेब, आणि त्यांची बायको मालिनी. मेकअपच्या खोलीत मधोमध एक कापडी पडदा होता. त्याच्या अलीकडे सुलभा गुडघ्यांवर बसून एका पोरीचा पदर लावत होती. वय चोवीस, लग्नाला तीन वर्षं, आणि तोंडात सात टाचण्या.

तोंडात सात टाचण्या असलेल्या बाईला उलट उत्तर देता येत नाही. मालिनीचं नशीब त्या दिवशी एवढं बलवत्तर होतं.

सुलभानं सातही टाचण्या पदराला लावल्या, मग पडद्यापलीकडे गेली. मधुसूदन मंचावरची बारावी खुर्ची उचलून बाहेर नेत होते. तिला बघून कसनुसं हसले. "जरा जागा कमी पडतेय." ती म्हणाली, "हो का? अच्छा." आणि पूर्ण कार्यक्रम विंगेत उभी राहून बघितला. अकरा बायका बसल्या, अकरा नारळ वाटले. बारावा नारळ मंडळाच्या शिपायानं घरी नेला म्हणतात.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाबूराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर. शांत माणूस. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे एकदा बघून म्हणाला, "सोडून दे. पुढच्या वर्षी जाऊच नको."

"वा! मी गेले नाही तर विसरून जातील ते. मी जाणार. दरवर्षी जाणार. तिच्या डोळ्यांसमोर उभी राहणार."

"आणि?"

"आणि ती खुर्ची घेणार. तिच्याच तोंडून."

बाबूरावानं ताट पुढं ओढलं. जेवायला वाढ म्हणाला.

आता नऊवारी नेसवणं ही सोपी गोष्ट नाही. पुण्या-मुंबईकडे गल्लीत एक म्हातारी सापडेल. लखनौमध्ये कुठून सापडणार? बँकेतल्या, कारखान्यातल्या, सरकारी ऑफिसातल्या मराठी बायका इथं आल्या त्या पाचवारीत आल्या. कमरेची गाठ कुठं मारायची, काष्टा किती वर खोचायचा, निऱ्यांचा ओचा कसा धरायचा म्हणजे नाचताना सुटणार नाही, हे कुणालाच येईना. सुलभाला येत होतं. अकोल्यात तिची आत्या जलशाच्या मंडळींना नेसवायची, तिच्या हाताखाली ती शिकली. इयत्ता चौथी आणि नऊवारी, एवढंच तिचं शिक्षण. पण त्यातलं दुसरं असं पक्कं होतं की तिनं नेसवलेली पोर झाडावर चढून उतरली असती.

म्हणून मंडळाला ती दरवर्षी लागायची आणि ती दरवर्षी जायची. मालिनीला स्वतः नेसवायची. नेसवताना वर्षाला एक टाचणी, एकच, कमरेच्या मऊ जागी.

"आई गं!"

"अगबाई वहिनी, लागली का? हात थरथरतो हो हल्ली."

तिचा हात पंचाहत्तर साली थरथरला, ऐंशी साली थरथरला, नव्वद सालीही. बाकीच्या बायकांच्या कमरेपाशी मात्र कधी थरथरला नाही.

शहाऐंशीच्या सुमाराला एक नवीनच काम आलं. शहरात एक लहानसं संग्रहालय होतं, तिथं देशातल्या बायकांच्या पोशाखांचं दालन काढलं. माणसाएवढ्या बाहुल्या काचेत उभ्या. पंजाबीण झाली, बंगालीण झाली, आणि महाराष्ट्राच्या बाईला कुणीतरी असं गुंडाळलं होतं की ती अंगावर चादर घेऊन हॉस्पिटलात निघालीय असं वाटावं. बाबूरावाच्या साहेबानं ते पाहिलं, सुलभाचं नाव सुचवलं. तेव्हापासून ती दर सहा महिन्यांनी जायची, बाहुलीचं लुगडं बदलायची.

बाहुलीचं नेसवणं निराळंच. बाहुलीला चालायचं नसतं, बसायचं नसतं, श्वास घ्यायचा नसतो. तेव्हा सुलभानं आतून कमरेला पट्टी आवळली, निऱ्या एकीला एक मांडीपर्यंत टाके घालून शिवल्या, काष्टा वर ओढून मागं पट्टीलाच शिवून टाकला. बाहेरून बघाल तर दगडात कोरल्यासारखी. एक सुरकुती नाही. सुलभा तिला 'वहिनी' म्हणायची, आणि एकटी असली की पट्टी आवळता आवळता तिच्याशी बोलायची.

"काय वहिनी, घट्ट होतंय? होऊ दे. सवय असते ना तुम्हाला उभं राहायची."

गजेंद्र नावाचा पहारेकरी एकदा दारात येऊन उभा राहिला. "माताजी, किससे बात कर रही हैं?"

"रिश्तेदार है हमारी।"

"अच्छा," म्हणाला बिचारा, आणि पुन्हा त्या दालनात एकटा यायचा नाही.

चौऱ्याण्णव साली मंडळाला पन्नास वर्षं झाली. मोठा कार्यक्रम. मधुसूदन रिटायर होऊन घरी बसले होते, मालिनी मात्र अध्यक्षीण झाली होती. सेक्रेटरी होता नंदकुमार, टेलिफोन ऑफिसातला एक उत्साही माणूस. उत्साह एवढा की माइक दिसला की हात आपोआप पुढं व्हायचा. पाहुण्यांना शहर दाखवायला मालिनी संग्रहालयात गेली, आणि काचेतल्या बाहुलीसमोर उभी राहिली ती हलेचना. दुसऱ्याच दिवशी सुलभाच्या घरी निरोप न देता हजर. अलीगंजला, दुसऱ्या मजल्यावर.

"सुलभा, ती बाहुली तू नेसवलीस?"

"हो."

"मला एक मेला अगदी तश्शीच नेसवून दे."

सुलभा तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"अगदी तशीच, वहिनी?"

"अगदी तशीच. एक सुरकुती इकडची तिकडे नको."

"नीट विचार करा हं. तशीच म्हणजे तशीच?"

"किती वेळा सांगू? मराठीतच बोलतेय ना मी?"

ती गेल्यावर सुलभाची लेक स्नेहल, कॉलेजात जाणारी, स्वयंपाकघरातून डोकावली. तिला मराठी कळायचं सगळं, बोलायची हिंदीत. "मम्मी, आप हँस क्यों रही हैं?"

"तू साक्षीला आहेस. मी दोनदा विचारलं."

"किस चीज़ का गवाह?"

"आधी तांदूळ निवड."

एक मेला लखनौची हवा कशी असते ते तिथं राहिलेल्याला सांगायला नको. दुपारभर लू वाहिलेली, नाट्यगृहाचे पंखे गरम वारा ढवळतायत. सुलभानं आधी बाकीच्या सोळा जणींना नेसवलं आणि मालिनीला मुद्दाम शेवटी ठेवलं. पट्टी आवळली. निऱ्यांना टाके घातले. काष्टा शिवला. सगळं संपूर्ण मनापासून, हातचं काही राखलं नाही. त्या वर्षी टाचणीही टोचली नाही. आरशात मालिनीनं स्वतःला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. दिसत होतीच तशी, खोटं कशाला बोला.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. नंदकुमार दारातून ओरडला, "ताई, चला, चला!" मालिनी छोटी छोटी पावलं टाकत विंगेपर्यंत पोचली. तिथं सुलभानं तिच्या पदराचा काठ सारखा केला आणि अगदी कानाशी जाऊन म्हणाली,

"वहिनी, एक राहिलंच सांगायचं. बसू नका."

"काय?"

"बाहुली बसत नाही ना. बसलात की टाके तुटतील आणि ओचा हातात येईल. सगळ्यांसमोर."

"अगं, मग सोड की जरा!"

"सोडायला अर्धा तास. शिवलंय ते."

तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.

मंचावर पाच खुर्च्या, लाल मखमलीच्या. चौघं मान्यवर बसले, पाचवीजवळ मालिनी उभी. मंचाच्या मधोमध प्रमुख पाहुणे होते, जुन्या घराण्यातले एक ऐंशीचे म्हातारे साहेब, पांढरी शेरवानी. बाईमाणूस उभं आहे म्हटल्यावर ते काठीवर भार देऊन उठले. "मोहतरमा, तशरीफ़ रखिए।" मालिनी हसली, मान हलवली. "पहले आप बैठिए।" "जी नहीं, आप के खड़े होते हुए हम कैसे बैठें!" झालं. साहेब उभे म्हणून खजिनदार उठले, खजिनदार उठले म्हणून बाकीचे. पाच खुर्च्या आणि पाच उभी माणसं. सभागृहात कुजबूज सुरू झाली. कुणाला वाटलं राष्ट्रगीत आहे, पुढच्या चार रांगा उठून उभ्या राहिल्या.

विंगेत सुलभानं पदर तोंडात कोंबला. तेवीस वर्षांचं सगळं फेडून मिळत होतं.

आणि तिथंच नंदकुमारनं घात केला. गडबडून त्यानं माइक धरला आणि त्याला जे सुचलं ते बोलला. "मित्रहो! आमच्या मालिनीताईंनी संकल्प केला आहे! रंगदेवतेच्या समोर त्या आसनावर बसणार नाहीत! आपण सर्वांनी कृपया बसून घ्यावं!"

आधी एक टाळी, मग दहा, मग छप्पर उडेल एवढ्या. म्हाताऱ्या साहेबांनी रुमालानं डोळे पुसले. "सुभानअल्लाह," म्हणाले आणि बसले. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात फोटो, खाली लिहिलेलं: कला की साधिका, ढाई घंटे खड़ी रहीं.

सुलभानं तो पेपर बाबूरावासमोर आपटला.

"बघा! बेइज्जत करायला गेले आणि हार घालून आले मी तिला!"

बाबूरावानं चष्मा लावून नीट वाचलं. "फोटो छान आलाय. काष्टा काय बसलाय."

"तुम्ही गप्प बसा."

दोन दिवस तिनं स्वयंपाकात मीठ जास्त घातलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिला एकदम उमगलं आणि ती पोळपाटावर लाटणं तसंच ठेवून बसून राहिली. संकल्प केलेल्या माणसाला पुढच्या वर्षी कसं बसता येईल?

नाहीच आलं. पंचाण्णव सालच्या आमंत्रणपत्रिकेवर छापूनच आलं, परंपरेप्रमाणे मालिनीताई उभ्या राहून अध्यक्षस्थान भूषवतील. खुर्ची मांडायची, हार घालायचा, आणि तिच्याशेजारी ताईंनी उभं राहायचं. मंडळाला त्याचा केवढा अभिमान. पाहुणे आवर्जून त्यासाठी यायचे. सुलभा तिला आता साधंच नेसवायची, बसता येईल असं, आणि नेसवायच्या आधी दरवर्षी अगदी गरीब आवाजात विचारायची,

"वहिनी, यंदा बसायची नेसवू का उभ्याची?"

दातावर दात ठेवून उत्तर यायचं, "उभ्याची."

शहाण्णवला मालिनीच्या गुडघ्यांना सूज होती. सुलभानं खाली बसून निऱ्या लावताना ती सूज जवळून पाहिली. पांढरीफटक, लोण्याच्या गोळ्यासारखी. दया आली का? आली थोडी. पण पंचवीस वर्षांच्या रागापुढं ती केवढीशी. पाहुणीसारखी आली, चहा पिऊन गेली.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये मालिनी पुन्हा अलीगंजचे दोन जिने चढून आली. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. दारात उभी राहून धापा टाकत होती. सुलभानं तिला क्षणभर तशीच बघितली. मग, दारी आलेल्याला उभं ठेवायची रीत आपल्या घरी नाही हे तिला कळावं म्हणून, कोचावरची चादर मुद्दाम झटकून मोठ्यानं म्हणाली, "बसा. आमच्याकडे बसतात."

मालिनी बसली. पाणी प्याली.

"सुलभा, मला बसायचंय गं."

"बसलाय की."

"तिथं. डॉक्टर म्हणतात, उभं राहणं बंद. तू मंडळात सांग ना, की ते नेसवणंच तसलं होतं. संकल्पबिंकल्प काही नव्हता."

"मी का सांगू? खोटं नंदकुमार बोलला, टाळ्या तुम्ही घेतल्या."

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

एवढं सरळ उत्तर मालिनीला अपेक्षित नव्हतं. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "का पण?"

सुलभानं सांगितलं. साल, तारीख, पडदा, टाचण्या. मधुसूदनांचं वाक्य त्यांच्या आवाजात, मालिनीचं मालिनीच्या. सव्वीस वर्षं घोकलेलं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मालिनी ऐकत राहिली.

"मला आठवतसुद्धा नाही," ती म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती, हेच जास्त झोंबलं.

"मला आठवतं. दोघींच्या वाटचं."

"मग आता काय हवंय तुला?"

"खुर्ची. मंचावरची. तुमच्या तोंडून बोलावून. आणि तेव्हा काय म्हणाला होतात ते सांगून. पूर्ण."

"सगळ्यांसमोर?"

"खुर्ची काढून घेतली ती सगळ्या बायकांच्या देखतच."

मालिनी उठली. हो नाही की नाही नाही. जिना उतरताना तिचं पाऊल पायरीपायरीवर वाजत होतं, आणि सुलभा वर दारात उभी राहून ते शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत होती.

त्या वर्षीच्या एक मेला मंचावर हार घातलेली खुर्ची, शेजारी मालिनी. नंदकुमारनं सुरुवात केली, "परंपरेप्रमाणे..." तर मालिनीनं हात पुढं करून माइकच काढून घेतला.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "एकाहत्तर साली याच मंचावर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. मी एक काढायला लावली. म्हणाले, नेसवणाऱ्या बाईला खुर्ची कशाला, उभी राहील, सवय असते." ती थांबली. सगळ्यांना वाटलं अजून काही आहे. सुलभाला तर माहीतच होतं काय आहे ते, विंगेत तिचे ओठ हलले. पण मालिनीनं तेवढं गिळलं. "ती खुर्ची आज रिकामी आहे. सुलभाताई, या. बसा."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा 'ताई' झाली सुलभा.

ती विंगेतून आली तशीच आली. अंगावर कामाची सुती पाचवारी, खांद्यावर ओळीनं टाचण्या. टाळ्या वाजत होत्या, त्या कुणासाठी ते वाजवणाऱ्यांनाही नीट कळलं नव्हतं. तिनं खुर्चीवरचा हार काढून हातावर ठेवला आणि बसली. पाठ टेकून, दोन्ही हात दांड्यांवर.

मालिनी वाकून पुटपुटली, "झालं?"

"अर्धंच म्हणालात."

"तेवढंच जमलं मला."

"पंगतीचं राहिलं."

"सुलभा, पाय दुखतायत माझे."

सुलभानं समोर बघत, हसऱ्या तोंडानं, ओठ न हलवता उत्तर दिलं. "मग दुसरी खुर्ची मागवा. माइक तुमच्याच हातात आहे. बाकीचं बोला आणि मागवा."

मालिनीनं माइककडे पाहिलं. समोर चारशे माणसं. तिनं माइक नंदकुमारला परत दिला, आणि राहिली उभी.

पावणेदोन तास. स्वागत झालं, अहवाल झाला, पोरींचे नाच झाले. सुलभा शेवटपर्यंत बसली. कोण काय बोललं यातलं तिला नंतर काही सांगता आलं नाही. फक्त म्हणायची की मखमल उन्हाळ्यात चावते आणि मंचावरून नाच दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. घरी आल्यावर बाबूरावानं विचारलं, "मिळालं समाधान?"

"मिळालं."

"पूर्ण?"

"तिनं अर्धं दिलं, मी अर्धं घेतलं." आणि त्या दिवशी स्वयंपाकात मीठ बरोबर होतं.

पुढल्या वर्षीपासून मालिनी मंचावर गेलीच नाही. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून पाय लांब करून बसायची. त्या दोघी कधी गोड झाल्या नाहीत. समोरासमोर आल्या की मान हलवायच्या. मालिनी आता पाचवारीतच यायची, त्यामुळे वर्षाची टाचणी तेवढी राहून गेली, आणि त्याचं सुलभाला वाईट वाटायचं.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत सुलभा दोन दिवसांच्या तापात गेली. त्याच्या आधीचं तिचं शेवटचं काम सव्वीस जानेवारीचं, बख्शी का तालाबकडच्या एका शाळेतलं. हवाईदलातल्या लोकांची पोरं तिथं शिकायची आणि नऊ पोरी मराठी नाच करणार होत्या. अंगात कसर होतीच. स्नेहल म्हणाली, "मम्मी, मना कर दीजिए, कोहरा है।" सुलभा म्हणाली, "त्या पोरींना काय मास्तरीण नेसवणार?" स्वेटर घातला, पिशवी घेतली आणि सकाळी टेंपोत बसली.

नऊ पोरी थंडीनं कुडकुडत रांगेत उभ्या होत्या. तिनं एकेकीला नेसवलं. गाठ, निऱ्या, काष्टा, पदर. एकीला म्हणाली, "पोट आत घे, समोसे खाल्लेस का?" एकीला उठाबशा काढायला लावल्या, काहीच सुटलं नाही. सगळ्यात लहान होती तिला टाचणीची भीती वाटत होती, तिचा पदर दोऱ्यानंच टाचला. झेंडा झाला, नाच झाला, सगळी लुगडी जागेवर राहिली. मग तिनं ती सोडली, घड्या घातल्या, डबीतल्या टाचण्या मोजल्या. एक कमी होती, ती चटईवर शोधली, सापडली.

परतताना रस्त्याच्या कडेला शेतातले मटार विकायला होते. तिनं दाणे फोडून बघितले, कोवळे आहेत अशी खात्री केली, दोन किलो घेतले आणि वर मूठभर मागून घेतले. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.

"आती हूँ भैया, आती हूँ," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली.